रोजकीर्दीतून खतावणीकडे : रुग्णनोंदीचा इतिहास

रुग्णालय म्हटले की डॉक्टर, परिचारिका, शस्त्रक्रियागृह आणि औषधांचे कपाट एवढेच चित्र सर्वसाधारणपणे डोळ्यांसमोर उभे राहते. दाते देणगी देतात तीही बहुधा खाटेसाठी, यंत्रासाठी किंवा रुग्णवाहिकेसाठी. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, बहुतेक वेळा जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत असणाऱ्या रेकॉर्ड रूमसाठी देणगी दिल्याचे उदाहरण क्वचितच आढळेल. वास्तविक रुग्णाला मागील खेपेस कोणते औषध दिले, कोणत्या औषधाने त्याच्या अंगावर पुरळ उठले, शस्त्रक्रियेत नेमके काय आढळले, हे सारे त्या खोलीतील कागदच सांगत असतात. तो कागद वेळेवर हाती न आल्यास निष्णात वैद्यालाही पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. या कागदाला त्याचे आजचे रूप कसे आले, हा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण व्यापारी परंपरेत वाढलेल्या समाजाला तो विशेष जवळचा वाटावा असा आहे. कारण त्यातील सर्वांत मोठी क्रांती ही मुळात हिशेबाच्या वहीतील क्रांती होती.

रुग्णाची हकिकत लिहून ठेवण्याची प्रथा प्राचीन आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथसमूहात ‘एपिडेमिक्स’ नावाचे खंड आहेत. त्यांपैकी पहिल्या व तिसऱ्या खंडात ४२ रुग्णांची दिवसागणिक वर्णने आढळतात. ताप कोणत्या दिवशी चढला, झोप लागली की नाही, रुग्ण बरळू लागला का, असे त्यांचे स्वरूप आहे. विशेष म्हणजे या ४२ पैकी २५ रुग्ण दगावल्याचे त्यात सरळ नमूद केलेले आहे. आपले अपयश न झाकता लिहून ठेवण्याचा हा प्रामाणिकपणा पुढील काळात सर्वत्र टिकला असे मात्र म्हणता येत नाही. शतकानुशतके रुग्णनोंदी वैद्याच्या खाजगी टिपणवहीतच राहिल्या. त्या वैद्याच्या होत्या, रुग्णाच्या नव्हत्या.

रुग्णालयाच्या नोंदींतील गोंधळ प्रथम चव्हाट्यावर आणला तो फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी. हातात दिवा घेऊन रात्री वॉर्डातून फिरणारी सेवाभावी स्त्री ही त्यांची प्रतिमा घरोघरी पोहोचली, पण त्या तितक्याच कसलेल्या संख्याशास्त्रज्ञ होत्या, हे फार थोड्यांना ठाऊक असते. क्रिमियाच्या युद्धात नोव्हेंबर १८५४ मध्ये त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. तेथे मृत सैनिकांची नोंद तीन वेगवेगळ्या ठिकाणी होत असे आणि तिन्ही ठिकाणचे आकडे एकमेकांशी जुळत नसत. किती माणसे गेली हेच जिथे निश्चित नाही, तिथे ती कशाने गेली हे कोण सांगणार? मायदेशी परतल्यावर त्यांनी सर्व रुग्णालयांसाठी एकसारखे नोंदपत्रक तयार केले. लंडन येथे १८६० साली भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे ते मांडण्यात आले. १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नोट्स ऑन हॉस्पिटल्स’ या ग्रंथाच्या विस्तारित आवृत्तीत त्यांनी एक खंतही नोंदविली. सत्य शोधण्यासाठी आपण ठिकठिकाणी चौकशी केली, परंतु परस्परांशी ताडून पाहता येईल अशी रुग्णालयीन नोंद जवळजवळ कोठेही मिळाली नाही, असा त्या लिखाणाचा आशय आहे. काही रुग्णालयांनी त्यांची पत्रके वापरून पाहिली. पण ती फार किचकट ठरली आणि हळूहळू मागे पडली.

खरा बदल घडला तो अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, रॉचेस्टर नावाच्या लहानशा गावी. तेथे विल्यम व चार्ल्स या मेयो बंधूंचे चिकित्सालय नावारूपास येत होते. १९०१ साली त्यांनी हेन्री प्लमर या तरुण डॉक्टरला आपल्याकडे बोलावून घेतले. प्लमर हे खेड्यात वैद्यकी करणाऱ्या डॉक्टरांचे चिरंजीव. यंत्रांची आवड असलेला, विसराळू म्हणून प्रसिद्ध असलेला, पण एखाद्या प्रश्नाचा छडा लागेपर्यंत स्वस्थ न बसणारा असा हा गृहस्थ होता.

त्या काळी मेयो बंधूंकडे प्रत्येक डॉक्टरची स्वतंत्र जाडजूड वही असे. आलेला रुग्ण त्या दिवसाच्या पानावर, आधीच्या रुग्णाखाली नोंदला जाई. शस्त्रक्रियेची वही निराळी, प्रयोगशाळेची निराळी. तोच रुग्ण तीन वर्षांनी पुन्हा आला आणि या वेळी दुसऱ्या डॉक्टरने त्याला तपासले, तर त्याची हकिकत दुसऱ्याच वहीत जाऊन बसे. जुनी नोंद हवी असल्यास साधारण कोणत्या महिन्यात आला होता हे रुग्णालाच विचारून अनेक वह्यांची पाने चाळण्यावाचून गत्यंतर नव्हते. पेढीची भाषा जाणणाऱ्यास हा दोष तत्काळ उमगेल. ती सारी रोजकीर्द होती. दिवसाचा व्यवहार क्रमाने लिहिला जात होता, पण कोणाच्या नावावर किती येणे व किती देणे, हे सांगणारी खतावणी नव्हती. जिथे खातेच उघडलेले नाही, तिथे ताळा तरी कसा लागणार?

प्लमर यांनी मेबल रूट या सहकारी महिलेच्या साहाय्याने नवी पद्धत आखली आणि १९०७ साली ती अमलात आली. पद्धत आज अगदी साधी वाटते. दारात आलेल्या प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक द्यायचा आणि तो क्रमांक त्याला जन्मभर पुरवायचा. त्या क्रमांकाचे एकच पाकीट. कोणत्याही डॉक्टरने तपासले, कोणतीही चाचणी झाली, कोणतीही शस्त्रक्रिया झाली, तरी तिचा कागद त्याच पाकिटात जाणार. पाकीट डॉक्टरच्या खोलीत राहणार नाही, ते मध्यवर्ती ठिकाणी राहणार आणि रुग्ण जिथे जाईल तिथे त्याच्या आधी पोहोचणार. याशिवाय आजारांची व शस्त्रक्रियांची वेगळी सूची ठेवण्यात आली, म्हणजे एकाच विकाराच्या सर्व रुग्णांची पाकिटे हवी तेव्हा काढता यावीत.

पाकीट रुग्णाच्या आधी पोहोचले पाहिजे, हे म्हणणे सोपे आहे. दररोज शेकडो रुग्ण येऊ लागल्यावर ते घडवून आणणे कठीण. प्लमर यांचे यंत्रप्रेम इथे कामी आले. १९१४ साली उघडलेल्या नव्या इमारतीत त्यांनी कागदपत्रे मजल्यांमजल्यांवर नेणारी यांत्रिक वाहक व्यवस्था बसविली. पुढे १९२८ मध्ये पूर्ण झालेल्या, आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या इमारतीत हवेच्या दाबाने कागद पाठविणाऱ्या नळ्यांचे जाळे होते. रुग्णालयाची इमारत बांधताना भिंतींच्या आतून कागद कसा फिरेल याचा विचार करणारा वास्तुरचनाकार विरळाच. येथे तर तो विचार एका डॉक्टरने केला होता.

या खतावणीचे फळ कोणाला मिळाले? पहिले फळ खुद्द प्लमर यांच्याच विषयात दिसून आले. गलगंड व अवटू ग्रंथीच्या विकारांचा त्यांचा विशेष अभ्यास होता. मोठ्या संख्येने एकत्र झालेल्या रुग्णनोंदी बारकाईने तपासल्यावर त्यांच्या ध्यानी आले की, ग्रंथी अतिरिक्त काम करू लागल्याने होणारा त्रास एकाच प्रकारचा नसून दोन वेगळ्या प्रकारचा आहे. एकात डोळे बाहेर येतात व आजार अकस्मात उद्भवतो. दुसऱ्यात अनेक वर्षांची जुनी गाठ हळूहळू उपद्रवी होते. १९१३ साली त्यांनी हा भेद मांडला आणि त्यातील दुसरा प्रकार आजही वैद्यकग्रंथांत त्यांच्या नावाने ओळखला जातो. पुढे १९२२ च्या सुमारास त्यांनी पहिल्या प्रकारच्या रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी आयोडीनचे द्रावण देण्यास प्रारंभ केला. त्यापूर्वी अशा शस्त्रक्रियेनंतर प्रकृती एकाएकी बिघडून अनेक रुग्ण दगावत. हे मृत्यू त्यानंतर झपाट्याने घटले. एका रुग्णाकडे पाहून जो भेद कधीच कळला नसता, तो अनेकांच्या कागदांनी एकत्र आल्यावर उघड केला. याच नोंदींच्या पायावर १९६६ साली त्या जिल्ह्यातील लोकांच्या आरोग्याचा एक प्रदीर्घ अभ्यासप्रकल्प उभा राहिला आणि तो आजही चालू आहे.

याच सुमारास बोस्टन शहरात नोंदींच्या प्रश्नावर वेगळेच नाट्य घडत होते. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांचे म्हणणे असे की, रुग्ण घरी गेला म्हणजे नोंद संपली असे मानू नये. प्रत्येकाचे एक कार्ड ठेवावे. निदान काय केले, उपचार काय केला, आणि किमान एक वर्षानंतर त्याचा परिणाम काय झाला, हे त्यावर लिहावे. परिणाम चांगला नसेल तर तो का नाही, याचेही उत्तर द्यावे. म्हणणे रास्त होते, परंतु ते आपल्याच व्यवसायबंधूंना मानवणारे नव्हते. रुग्णालयात बढती ज्येष्ठतेनुसार मिळते, कौशल्यानुसार नाही, याच्या निषेधार्थ त्यांनी १९१४ साली राजीनामा दिला. जानेवारी १९१५ मध्ये भरलेल्या एका सभेत त्यांनी एक मोठे व्यंगचित्र उघडून दाखविले. त्यात वाळूत डोके खुपसून बसलेला शहामृग डॉक्टरांकडे सोन्याची अंडी लाथाडत होता. शहामृग म्हणजे शहरातील धनिक रुग्ण आणि अंडी कशाची, हे सांगण्याची आवश्यकता नव्हती. सभेत गदारोळ झाला आणि कॉडमन यांना वैद्यकीय मंडळातील पद व विद्यापीठातील अध्यापन या दोहोंस मुकावे लागले.

कॉडमन मात्र आपल्या मतावर ठाम राहिले. १९११ साली त्यांनी स्वतःचे १२ खाटांचे रुग्णालय काढले होते. १९१६ पर्यंत तेथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांची हकिकत त्यांनी छापून प्रसिद्ध केली आणि त्यात झालेल्या १२३ चुकाही क्रमवार दिल्या. आपल्या पेढीचा तोटा स्वतःच जाहीर करणारा व्यापारी जसा दुर्मीळ, तसाच हा डॉक्टर. ते रुग्णालय फार काळ चालले नाही, यात नवल नाही. कॉडमन १९४० साली निवर्तले. त्यांच्या समाधीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो बसविला गेला २०१४ मध्ये.

त्यांचा विचार मात्र दुसऱ्या वाटेने पुढे गेला. १९१३ साली स्थापन झालेल्या अमेरिकन शल्यचिकित्सकांच्या संस्थेने रुग्णालयांसाठी किमान दर्जा ठरविला. प्रत्येक रुग्णाची अचूक, पूर्ण व हवी तेव्हा मिळणारी नोंद ही त्यातील एक अट होती. पहिल्या पाहणीत १०० वा अधिक खाटांची ६९२ रुग्णालये तपासली गेली आणि केवळ ८९ उत्तीर्ण झाली. नापासांच्या यादीत नामांकित रुग्णालये होती. १९१९ साली न्यूयॉर्कच्या हॉटेलात परिषद भरली असता ही यादी वृत्तपत्रांच्या हाती लागू नये म्हणून तेथील भट्टीत जाळून टाकण्यात आली. नोंदी नीट ठेवा असे सांगणाऱ्या संस्थेनेच आपली पहिली नोंद अग्नीच्या स्वाधीन करावी, ही गंमत इतिहासात कायम राहिली आहे. तथापि या पाहणीचा वचक बसला. नोंदी सांभाळणे हा स्वतंत्र व्यवसाय ठरला. १९२८ साली बोस्टन येथे नोंदपालांची संघटना स्थापन झाली आणि ग्रेस व्हायटिंग मायर्स या तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

पाकीट एकत्र आले, पण पाकिटाच्या आत काय? डॉक्टरांच्या, परिचारिकांच्या, प्रयोगशाळेच्या कागदांचा ढीग. वाचणाऱ्याला रुग्णाचे नेमके दुखणे काय हे शोधून काढावे लागे. हा प्रश्न लॉरेन्स वीड या अमेरिकी डॉक्टरांनी हाती घेतला. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाने वैद्यकीय शिक्षणावर दूरगामी परिणाम केला. फाइलच्या पहिल्याच पानावर रुग्णाच्या सर्व समस्यांची क्रमांकित यादी असावी आणि पुढील प्रत्येक टिपण त्यातील एखाद्या समस्येशी जोडलेले असावे, असा त्यांचा आग्रह. टिपणाचे चार भाग. रुग्ण काय सांगतो, तपासणीत काय दिसते, त्यावरून डॉक्टरचे मत काय, आणि पुढे काय करायचे. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सोप’ म्हटली जाणारी ही पद्धत भारतातील वैद्यकीय विद्यार्थीही शिकतात. हृदयरोगाच्या धावपळीत मधुमेह विसरला जाऊ नये, एवढी साधी गोष्ट त्यामागे आहे. वृद्ध आईवडिलांना चार विशेषज्ञांकडे फिरविणाऱ्या कोणत्याही कुटुंबाला तिचे मोल सांगावे लागणार नाही.

संगणकाच्या आगमनाने पाकीट हरवण्याची भीती कमी झाली आणि अनेक डॉक्टरांना एकाच वेळी एकच नोंद पाहता येऊ लागली. हा लाभ निःसंशय मोठा आहे. परंतु त्याची किंमतही मोजावी लागली. २०१६ साली अमेरिकेत ५७ डॉक्टरांच्या कामाचे प्रत्यक्ष निरीक्षण करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णासमोर घालविलेल्या प्रत्येक तासामागे संगणक व टेबलावरील कामात जवळजवळ दोन तास जात असल्याचे त्यात आढळले. नोंद रुग्णासाठी असते, रुग्ण नोंदीसाठी नसतो, याचा विसर पडल्याचे हे लक्षण म्हणावे लागेल.

भारतात या प्रश्नाचे रूप थोडे निराळे राहिले. सरकारी रुग्णालयात खिडकीवर रांग लावून काढलेला केसपेपर, खाजगी दवाखान्यातील चिठ्ठी, रक्ताचे अहवाल आणि क्ष-किरणाची घडी पडलेली फिल्म असा सारा संसार रुग्ण स्वतःच प्लास्टिकच्या पिशवीत बाळगतो. सुशिक्षित मंडळी या पिशवीला हसतात, पण ते योग्य नव्हे. प्लमर यांचे एकच पाकीट येथे रुग्णाने स्वतःच्या हाताने तयार केलेले असते. दोष इतकाच की पावसात ती पिशवी भिजते, घर बदलताना हरवते, आणि आंतररुग्ण विभागातील मुख्य कागद तर तिच्यात कधी येतच नाहीत. ते रुग्णालयाकडे राहतात.

हे कागद रुग्णाला मिळालेच पाहिजेत का, हा वाद मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. गोपनीयतेचे कारण पुढे करून रुग्णाला वा त्याच्या नातेवाइकांना केसपेपरच्या प्रती नाकारता येणार नाहीत, असे न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले. त्यानंतर भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत हा हक्क नेमक्या शब्दांत आला. आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जतन कराव्यात आणि मागणी केल्यास ७२ तासांच्या आत द्याव्यात, असे ती सांगते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवी नियमावली जाहीर झाली, पण त्याच महिन्यात ती स्थगित होऊन २००२ चीच पुन्हा लागू करण्यात आली. केंद्र सरकारच्या डिजिटल आरोग्य अभियानाने २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर १४ अंकी आरोग्य क्रमांक देण्यास आरंभ केला. प्लमर यांचा एका गावातला क्रमांक आता सबंध देशाला लावण्याचा हा प्रयत्न आहे. मात्र क्रमांक काढणे ही खाते उघडण्याची पायरी झाली. खात्यावर नोंद चढविण्याचे काम गावोगावच्या दवाखान्यांनीच करावयाचे असते.

ते काम साध्या माणसांच्या हातून किती उत्तम होऊ शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईत १९६३ साली डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने शहरातील कर्करोगाच्या रुग्णांची नोंदवही सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली ती देशातील पहिली. शहरात निदान रुग्णालये तरी होती. खेड्यांत नोंद करायची तर कागदच नव्हता. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे डॉ. बी. एम. नेने यांनी नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय उभारले होते. तेथे १९८७ साली ग्रामीण भागाची नोंदवही सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत आली. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते गावोगावी फिरत, लोकांशी बोलत, संशयित लक्षणे असलेल्यांना तपासणीस आणत आणि झालेल्या मृत्यूंची विचारपूस करीत. ग्रामीण स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण किती मोठे आहे, हे या वहीने दाखवून दिले.

या अनुभवावर पुढचे पाऊल पडले. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली एक विशाल प्रयोग हाती घेतला. गावांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची नावनिशीवार नोंद झाली. काही गटांत कर्करोगास कारण ठरणाऱ्या विषाणूची चाचणी एकदाच करण्यात आली, काहींत अन्य तपासण्या झाल्या, तर काहींत प्रचलित सेवाच चालू राहिली. त्यानंतर आठ वर्षे त्या प्रत्येक स्त्रीचे पुढे काय झाले, याचा माग नोंदवहीतून काढला गेला. कॉडमन यांचे कार्ड जणू मराठवाड्याच्या वाड्यावस्त्यांवर फिरत होते. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या होत्या. चाचणी न झालेल्या ३१,४८८ जणींमध्ये हा आकडा ६४ होता.